वडिलांच्या डिस्चार्ज बुकात श्रीलंकेतील सेवेची आणि पदकाची नोंद नाही, दुरुस्ती कशी करून घ्यावी?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझे बाबा १९८० साली लष्करात ड्रायव्हर म्हणून भरती झाले आणि १९९७ मध्ये नाईक या हुद्द्यावरून पेन्शनवर आले. १९८८-८९ या काळात ते भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. त्यांचे मूळ युनिट मात्र त्या वेळी पंजाबातच होते. गाड्या चालवायला माणसे कमी पडत होती, म्हणून काही जवानांना दुसऱ्या एका युनिटला अटॅच करून (तात्पुरते जोडून) पाठवले गेले, आणि त्यांत बाबा होते. त्रिंकोमाली ते वावुनिया या रस्त्यावर रसद पोहोचवणाऱ्या ताफ्यात त्यांनी गाडी चालवली. पुढच्या गाडीखाली सुरुंग फुटला तेव्हा त्यांच्या डाव्या पोटरीत तुकडा घुसला आणि काही दिवस ते फील्ड हॉस्पिटलमध्ये होते.

त्यांच्या डिस्चार्ज बुकात (लष्करातून निवृत्त होताना मिळणाऱ्या नोंदपुस्तकात) पदकांच्या पानावर सैन्य सेवा पदक आणि नऊ वर्षे दीर्घ सेवा पदक एवढ्या दोनच नोंदी आहेत. नेमणुकांच्या रकान्यात सलगपणे मूळ युनिटचेच नाव आहे, त्यामुळे कागदोपत्री ते भारताबाहेर गेलेच नाहीत असा अर्थ निघतो. ज्या युनिटला ते अटॅच होते, त्यातल्या आमच्या तालुक्यातील एका काकांना विशेष सेवा पदक श्रीलंका क्लॅस्पसह (पदकाच्या फितीवरील, मोहिमेचे नाव असलेल्या पट्टीसह) मिळालेले आहे. आम्ही रेकॉर्ड ऑफिसला (जवानांचे सेवेचे दस्तऐवज ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाला) अर्ज केला, त्यावर 'उपलब्ध दस्तऐवजांनुसार सदर पदक अनुज्ञेय नाही' असे एका ओळीचे उत्तर आले.

आमच्याकडे फिकट झालेली एक मूव्हमेंट ऑर्डर (दुसऱ्या युनिटकडे जाण्याचा लेखी आदेश), फील्ड हॉस्पिटलची एक चिठ्ठी, ५६ एपीओ या लष्करी टपालाच्या पत्त्याची काही पत्रे आणि एक फोटो एवढे आहे. बाबा स्वतः याबद्दल बोलत नाहीत, पण माजी सैनिकांच्या मेळाव्याला पदके लावून जायची वेळ आली की ते जाणे टाळतात, हे आम्हांला दिसते. दुरुस्तीची सुरुवात कोणत्या कागदापासून करावी? आणि जखमेचा मुद्दा याच अर्जात घ्यावा का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

हवालदार क्लार्क (निवृत्त)

ताई, माझी बरीचशी नोकरी युनिटच्या ऑफिसात आणि शेवटची काही वर्षे रेकॉर्ड ऑफिसात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

डिस्चार्ज बुक हा मूळ दस्तऐवज नव्हे. जवान घरी जाताना त्याच्या शीट रोलवरून, म्हणजे सेवेच्या मूळ नोंदपत्रावरून, ते भरले जाते, आणि शीट रोलमधली प्रत्येक नोंद कोणत्या ना कोणत्या पार्ट टू ऑर्डरवरून, म्हणजे जवानाच्या सेवेतील बदल नोंदवणाऱ्या लेखी आदेशावरून, आलेली असते. बढती, रजा, अटॅचमेंट, लग्न, मुलांचा जन्म, पदक, सगळ्यांचा मार्ग तोच. तुमचा अर्ज ज्या क्लार्कच्या टेबलावर गेला, त्याने शीट रोल उघडला असेल, त्यात श्रीलंकेची पार्ट टू ऑर्डर दिसली नसेल, आणि समोर दिसले त्यावरून त्याने उत्तर लिहिले असेल. नोंदीच्या दृष्टीने ते उत्तर बरोबर आहे. चूक आहे ती नोंदीत, आणि जोपर्यंत ती तिथे दुरुस्त होत नाही तोपर्यंत पदकासाठी कितीही अर्ज केले तरी उत्तर बदलणार नाही.

आता ही नोंद सुटली कशी, ते लक्षात घ्या. अटॅच झालेल्या माणसाचे दस्तऐवज मूळ युनिटच्याच ताब्यात राहतात. श्रीलंकेतल्या युनिटने पदकासाठी नॉमिनल रोल (नावांची यादी) केला, तेव्हा त्यांनी आपल्या हजेरीपटावरची माणसे घेतली असणार, आणि तुमच्या वडिलांचे मूळ युनिट पंजाबात असल्यामुळे त्यांना श्रीलंकेचा रोल करण्याचे कारणच नव्हते. दोन्ही युनिटना वाटले की हे काम दुसरे करील. ड्रायव्हर, सिग्नलचे ऑपरेटर, नर्सिंग असिस्टंट, स्वयंपाकी अशा एकेकट्या पाठवलेल्या माणसांच्या बाबतीत हे घडते, आणि ज्यांनी ताफ्याच्या पुढे गाडी घातली त्यांच्याच नावापुढे जागा कोरी राहते, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून पहिला अर्ज पदकाचा करू नका, अटॅचमेंटच्या नोंदीचा करा. त्याआधी माहिती अधिकाराखाली वडिलांच्याच नावाने आणि सहीने अर्ज द्या. शुल्क १० रुपये आहे, ते पोस्टल ऑर्डरने भरता येते, आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. त्यात 'माझ्यावर अन्याय झाला आहे' असे काहीही लिहू नका, फक्त कागद मागा: संपूर्ण शीट रोलची साक्षांकित प्रत, जुलै १९८७ ते मार्च १९९० या काळात त्यांच्या आर्मी नंबरवर निघालेल्या सर्व पार्ट टू ऑर्डरच्या प्रती, आणि त्या काळातील वैद्यकीय दस्तऐवज. अर्ज तुमच्या सहीने गेला, तर ती दुसऱ्या व्यक्तीची खासगी माहिती आहे असे कारण देऊन तो परत येऊ शकतो.

शीट रोल हाती आला की तो ओळीने वाचा. कधी कधी अटॅचमेंटवर गेल्याची नोंद असते आणि फक्त परत आल्याची नसते, किंवा युनिटचे नाव असते पण ठिकाण नसते. अर्धी नोंद सापडली तरी काम खूप सोपे होते, कारण मग तुम्ही नवीन काही सांगत नसता, त्यांच्याच दस्तऐवजातले अपुरे पूर्ण करायला सांगत असता.

पुराव्यांपैकी मूव्हमेंट ऑर्डर सर्वांत मोलाची आहे, कारण तीवर कुठल्या युनिटमधून कुठल्या युनिटकडे, कोणत्या तारखेला आणि कोणत्या आदेशावरून हे तिन्ही असते. तिला लॅमिनेशन मात्र करू नका. उष्णतेने फिकट शाई आणखी उडते आणि मागच्या बाजूचा शिक्का नीट तपासता येत नाही. खिडकीजवळ कागद ठेवून तिरप्या उजेडात फोटो काढा, टाइपरायटरच्या अक्षरांचे ठसे उठून दिसतात. हॉस्पिटलची चिठ्ठीही तितकीच महत्त्वाची आहे, कारण तो दोन्ही युनिटच्या बाहेरचा, तिसऱ्या ठिकाणचा कागद आहे, आणि त्यावर हॉस्पिटलचा क्रमांक आणि तारीख असते. पत्रांचा उपयोग कमी. ५६ एपीओ या पत्त्यावरून माणूस नेमका कुठे होता हे सिद्ध होत नाही, परंतु पत्त्यात अटॅच असलेल्या युनिटचे नाव असेल तर जोडा.

तुमच्या त्या काकांच्या पदकाची कडही जवळून पाहा. सरकारने दिलेल्या पदकाच्या कडेवर आर्मी नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. त्या कडेचा फोटो आणि त्यांच्या डिस्चार्ज बुकातील पदकाच्या पानाची प्रत मिळाली, तर ते युनिट श्रीलंकेत होते आणि पदकास पात्र ठरले होते हे ठरते. तुम्हांला मग एवढेच दाखवायचे उरते की वडील त्या तारखांना त्या युनिटमध्ये होते.

अर्जात पदकाचे नाव 'विशेष सेवा पदक, श्रीलंका क्लॅस्प' असे पूर्ण लिहा. विशिष्ट सेवा पदक हा वैयक्तिक कामगिरीसाठी दिला जाणारा वेगळा सन्मान आहे, आणि नावात गोंधळ झाला तर अर्ज तिथेच फेटाळला जातो.

सुभेदार साहेब, सातारा

क्लार्क साहेबांनी मूळ गोष्ट सांगितलीच आहे. मी प्रतिज्ञापत्रांबद्दल लिहितो, कारण त्यात लोक घाई करतात.

सोबतच्या जवानांची प्रतिज्ञापत्रे जरूर घ्या, पण वकिलाकडे एकच मजकूर टाइप करून सगळ्यांच्या सह्या घेऊ नका. चार प्रतिज्ञापत्रांत तीच वाक्ये दिसली की वाचणाऱ्याचा विश्वास उडतो. प्रत्येकाने स्वतः पाहिले तेवढेच लिहावे: आपला आर्मी नंबर, आपण त्या वेळी कोणत्या युनिटमध्ये होतो, तुमच्या वडिलांबरोबर कुठे आणि साधारण कोणत्या महिन्यांत होतो, आणि सुरुंगाच्या घटनेच्या दिवशी आपण स्वतः काय पाहिले. आठवत नसेल ती तारीख लिहू नये. त्या काळच्या कंपनी कमांडर साहेबांचा शोध लागला, तर त्यांचे एक प्रमाणपत्र इतर सर्वांपेक्षा अधिक वजनाचे ठरते. कोअरच्या माजी सैनिकांच्या संघटनेकडून किंवा युनिटच्या स्थापना दिनाला येणाऱ्या जुन्या अधिकाऱ्यांकडून असा पत्ता मिळू शकतो.

अर्ज थेट पाठवाच, पण एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फतही पाठवा. तिथले कल्याण संघटक स्वतः माजी सैनिक असतात आणि आपले कागद समजून घेतात. त्यांचे पत्र सोबत गेले की अर्जाला जावक क्रमांक मिळतो आणि पुढच्या पत्रव्यवहारात त्याचा संदर्भ देता येतो.

आणखी एक विनंती. बाजारात सगळी पदके विकत मिळतात. नोंद होईपर्यंत बाबांना ते पदक आणून देऊ नका, कितीही वाटले तरी. त्यांच्या छातीवर ते कडेवर नाव कोरलेलेच यावे. शांतिसेनेच्या श्रीलंकेतील मोहिमेत, ऑपरेशन पवनमध्ये, अकराशेहून अधिक जवान धारातीर्थी पडले, ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना तिथेच मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले, आणि तरीही त्या मोहिमेबद्दल आपल्याकडे फार कमी बोलले जाते. जे परत आले त्यांच्या पुस्तकात निदान ती ओळ असायला हवी.

अ‍ॅड. देशपांडे

जखमेचा मुद्दा या अर्जात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पदकाची नोंद हा मानाचा प्रश्न आहे आणि सेवा पदकाबरोबर दरमहा रक्कम मिळत नाही. जखमेचा प्रश्न मात्र पेन्शनशी जोडलेला आहे. ती जखम बॅटल कॅज्युअल्टी (लढाईतील जखम) म्हणून नोंदली गेली होती की साधी शारीरिक इजा म्हणून, सेवानिवृत्तीच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्डाने काय लिहिले, आणि अपंगत्वाची टक्केवारी ठरवली होती का, हे पाहिल्याशिवाय दावा उभा राहत नाही. दोन्ही एकत्र केल्यास संपूर्ण फाइल पेन्शनच्या टेबलावर जाते आणि साध्या नोंदीचे कामही अडकते. शिवाय आधी श्रीलंकेतील सेवा शीट रोलवर आली, तर जखमेच्या दाव्याचा अर्धा पाया आपोआप तयार होतो.

उशिराबद्दल अनेकांना भीती वाटते, म्हणून सांगतो. पेन्शनसारख्या दरमहा पुनःपुन्हा होणाऱ्या नुकसानीत केवळ उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, परंतु सर्वोच्च न्यायालयाने २००८ मधील तरसेम सिंग प्रकरणात ठरवल्याप्रमाणे थकबाकी सर्वसाधारणपणे दावा दाखल करण्यापूर्वीच्या ३ वर्षांपुरतीच मिळते. म्हणून वैद्यकीय कागद आत्ताच मागवून ठेवा आणि नोंद झाल्यावर तो दावा लांबवू नका.

नवीन निवेदनाला पुन्हा एका ओळीचे उत्तर आले, तर सकारण आदेश मागा: कोणते दस्तऐवज पाहिले आणि जोडलेला प्रत्येक पुरावा का नाकारला, हे त्यात असावे. सहा महिन्यांत उत्तर आले नाही किंवा अंतिम नकार आला, तर सशस्त्र बल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते. अंतिम आदेशापासून तिथे सहा महिन्यांची मुदत आहे. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, परंतु त्यावर विसंबून राहू नये. प्रत्येक निवेदनाची पोचपावती जपून ठेवा, कारण मुदत त्या तारखेवरून मोजली जाते.

कृष्णाकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल मूव्हमेंट ऑर्डर खिडकीजवळ धरून पाहिली, तेव्हा अटॅचमेंटच्या युनिटचा क्रमांक आणि खालच्या शिक्क्यातला महिना वाचता आला. आता दोन शंका उरल्या आहेत. बाबांचे मूळ युनिट पुढे दुसऱ्या युनिटमध्ये विलीन झाले असे ते सांगतात, मग उशिराची पार्ट टू ऑर्डर कोण काढणार? आणि दुरुस्तीसाठी मूळ डिस्चार्ज बुक पाठवावे लागले तर ते गहाळ होण्याची भीती वाटते.

हवालदार क्लार्क (निवृत्त)

युनिट राहिले नसेल, तरी त्याचे दस्तऐवज कोणाकडे गेले हे रेकॉर्ड ऑफिसला माहीत असते, आणि अशा वेळी नोंदीची जबाबदारी रेकॉर्ड ऑफिसकडेच येते. निवेदनात स्पष्ट लिहा की मूळ युनिट विलीन झाल्यामुळे रेकॉर्ड ऑफिसनेच पडताळणी करून आदेश काढावा, आणि गरज वाटल्यास अटॅचमेंटच्या युनिटची त्या काळातली वॉर डायरी (मोहिमेतील रोजच्या घडामोडींची नोंदवही) पाहावी. संरक्षण मंत्रालयाच्या जून २०२१ च्या धोरणानुसार युनिटच्या वॉर डायऱ्या मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे सोपवायच्या असतात, तेव्हा पडताळणीची जागा ठरलेली आहे. डायरीत एकेका ड्रायव्हरचे नाव क्वचितच मिळेल, पण ताफ्यावरच्या हल्ल्याची तारीख मिळाली आणि ती हॉस्पिटलच्या चिठ्ठीशी जुळली, तर तेवढे पुरेसे बळ देते.

डिस्चार्ज बुक आत्ता पाठवू नका. निवेदनाला सर्व पानांच्या साक्षांकित प्रती जोडा. आदेश निघाल्यावर मूळ पुस्तकात नोंद करण्यासाठी ते मागवतील, तेव्हाच, लेखी मागणी हातात असताना, स्पीड पोस्टाने पाठवा. पाठवण्याआधी कोऱ्या पानांसह प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि सोबतच्या पत्रात पुस्तकाची एकूण पाने लिहा. वडिलांना प्रवास झेपत असेल तर त्याहून चांगले म्हणजे त्यांनी स्वतः ओळखपत्र घेऊन जावे, समोर बसून नोंद करून घ्यावी आणि पदकाच्या पानावर सही व शिक्का झालेला पाहूनच पुस्तक परत आणावे.

शीट रोल आला की त्याचे ते पान इथे टाका, मात्र आर्मी नंबर झाकून. नोंद कुठे तुटली आहे ते आपण पाहू आणि निवेदनाचा मसुदा मी लिहून देईन.