नोटिशीचा नियम आधीपासूनच होता

१८७३ च्या आर्थिक घबराटीत न्यूयॉर्कच्या बचत बँकांनी ठेवी अडवल्या ती फसवणूक होती, असं कुणीतरी म्हटलंय. मला हे पटत नाही. पैसे काढण्याआधी आगाऊ सूचना मागण्याचा हक्क त्यांच्या नियमांत होताच. एरवी तो वापरत नसत, इतकंच. १८ सप्टेंबरला जे कुक (Jay Cooke) या बड्या बँकरची पेढी बुडाली, २० तारखेला शेअरबाजारही बंद झाला. ठेवी गहाणकर्जांत आणि रोख्यांत गुंतलेल्या. ते रोखे घाईघाईने विकले असते तर भाव आणखी कोसळले असते आणि रांगेत मागे उभ्या असलेल्यांच्या वाट्याला कमीच आलं असतं. पण ज्या मोलकरणीची, हमालाची सगळी पुंजी तिथे होती, त्यांचं घरभाडं काही सूचनेची मुदत संपेपर्यंत थांबणार नव्हतं. त्यांचा संताप मला पूर्ण समजतो.