एखादा प्राणी नाहीसा झाला तर माणसाला खरंच फरक पडतो का?

अर्धवट_बाबा
मुलीच्या पुस्तकात अन्नसाखळीचं चित्र आहे. गवत, टोळ, बेडूक, साप, घार, मधे बाण. ती विचारते, बाबा यातला बेडूक खोडला तर? मी म्हटलं साप उपाशी राहील. तर म्हणे मग आपलं काय जातंय, आपण कुठेयत या चित्रात? आणि खरंच, माणूस काढलेलाच नाहीये. "सगळे एकमेकांवर अवलंबून असतात" हे मलापण पाठ आहे हो, पण कोणीतरी एक खरंखुरं उदाहरण द्या ना, प्राणी गेला आणि फटका माणसाला बसला असं. वाघ आणि मधमाशी सोडून, ते तिचं ऐकून झालंय.

गुरांचा_डॉक्टर
गिधाडं, दुसरं शोधायलाच नको. भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडं 1992 ते 2007 मधे 99.9 टक्के कमी झाली, म्हणजे हजारात एक उरलं. शिकार नाही, रोग नाही, गुरांना सूज-दुखण्यावर द्यायचं डायक्लोफेनॅक. इंजेक्शन दिलेलं जनावर एकदोन दिवसांत मेलं तर औषध मांसात राहतं, ते खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड बंद पडतं. मेलेलं गिधाड उघडलं की आतले अवयव चुना फासल्यासारखे पांढरे दिसतात, ते युरिक अ‍ॅसिड साचलेलं असतं. पाकिस्तानातल्या गिधाडांवर काम करून 2004 ला हे सिद्ध झालं, तोपर्यंत सगळे कुठला तरी विषाणू शोधत बसले होते. आणि शंभरात एखाद्या मढ्यात औषध असलं तरी पुरतं कारण एका मढ्यावर अख्खा थवा उतरतो.

आता माणसाचं. थवा एक मेलेली गाय तासाभरात हाडांपर्यंत साफ करायचा, आणि त्यांच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल की काळपुळीचे जंतूसुद्धा तिथे बहुतेक मरतात. गिधाडं गेली, मढी तशीच पडून राहिली, नदीनाल्यात गेली, भटकी कुत्री वाढली, त्यांच्यामागे रेबीज आला. 2024 मधे दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशोब मांडला, 2000 ते 2005 या काळात अंदाजे पाच लाख माणसं जास्तीची मेली.

उंटावरचा_शहाणा
डॉक्टर, पाच लाख हा आकडा जरा जास्तच वाटतो. त्या वर्षांत बाकी काय काय बदललं असेल, सगळं गिधाडांच्या नावावर कसं टाकता?

गुरांचा_डॉक्टर
शंका रास्त आहे. त्यांनी जिल्हे दोन गटांत घेतले, पूर्वी गिधाडं भरपूर असलेले आणि मुळात फारशी नसलेले. आधी दोन्हीकडचा मृत्यूदर साधारण सारखा चालला होता, औषध स्वस्त होऊन सगळीकडे पोचल्यावर पहिल्या गटातला चार टक्क्यांहून जास्त वाढला. अंदाजच आहे, डोकी मोजलेली नाहीत. निम्मा धरा हवं तर, तरी कमी आहे का?

पाणकावळा
चीनचं पण सांगा मुलीला. 1958 ला चिमण्या धान्य खातात म्हणून मोहीम काढली, लोक पातेली बडवून त्यांना बसूच देत नव्हते, दमून खाली पडेपर्यंत. मग किडे-टोळ माजले. 1960 ला मारायच्या जीवांच्या यादीतून चिमणी काढून ढेकूण घातला. त्या वर्षांत पडलेल्या दुष्काळाला इतर कारणं मोठी होती हे खरं, पण पिकाला फटका बसलाच.

आणि एक, परत आणून सोडलं की सगळं जागेवर येतं असं नसतं. अमेरिकेत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात 1995 ला लांडगे परत सोडले त्याची गोष्ट सगळे सांगतात, लांडग्यांनी नदी वळवली वगैरे, मला ती अर्धीच खरी वाटते. लांडगे नव्हते त्या मधल्या सत्तर वर्षांत हरणांनी विलोची झाडं ओरबाडली, विलो नाही म्हणून बीव्हर (झाडं कुरतडून ओढ्यावर बांध घालणारे प्राणी) गेले, त्यांचे बांध गेले, ओढे खोल चिरत गेले आणि जमिनीतलं पाणी खाली गेलं. आता लांडगे आहेत तरी कित्येक ओढ्यांकाठी विलो खुरटीच आहे, मुळांना पाणीच पोचत नाही.

अर्धवट_बाबा
बापरे. वाचून दाखवलं तिला. तिचा प्रश्न, मग ते औषध बंद नाही केलं का?

गुरांचा_डॉक्टर
केलं ना, 2006 ला गुरांसाठी बंदी आली. त्याऐवजी मेलोक्सिकॅम आहे, गुरांना चालतं आणि गिधाडांना काही होत नाही. 2023 ला अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन ही गिधाडांना तशीच घातक औषधं पण गुरांसाठी बंद केली. पण गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं हो, संख्या वाढायला जन्म जाईल. आणि बंदीनंतर लोक काय करायचे तर माणसांसाठीची डायक्लोफेनॅकची मोठी बाटली आणून गुरांना टोचायचे. म्हणून 2015 ला माणसांची बाटलीसुद्धा 3 मिलीचीच ठेवली, एका मोठ्या गाईला पंधराएक मिली लागतं, तर पाच-पाच बाटल्या फोडत बसायचा कंटाळा यावा म्हणून.