प्रतिसाद: डेटा देशाबाहेर नकोच?

सरकारी आणि लष्करी डेटा देशाबाहेर जाऊ द्यावा का या चर्चेत, डेटा क्लाउडवर (म्हणजे दुसऱ्या कंपनीने चालवलेल्या सर्व्हरवर) गेला म्हणजे इंटरनेटवर आलाच, असं वर दोघांनी म्हटलंय ते मला नाही पटत. अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेने २०१३ मध्ये अमेझॉनला सुमारे ६० कोटी डॉलरचं काम दिलं आणि त्यातून जो क्लाउड उभा राहिला तो बाहेरच्या नेटला जोडलेलाच नाहीये. पण एकाच कंपनीवर विसंबू नये हा मुद्दा शंभर टक्के मान्य, पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, तीच चूक केली होती, जेडाय नावाचं १००० कोटी डॉलरचं क्लाउडचं काम एकट्या मायक्रोसॉफ्टला, मग कोर्टबाजी, २०२१ ला रद्द, आणि २०२२ च्या डिसेंबरात ते काम चार कंपन्यांत वाटलं.

पण युक्रेनबद्दल इथे कोणीच लिहिलं नाही. तिथे सरकारी डेटा देशातल्याच सर्व्हरवर ठेवायचा कायदा होता, तो त्यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये, रशियाच्या हल्ल्याच्या जेमतेम आठवडाभर आधी बदलला आणि जमिनीच्या नोंदींपासून महत्त्वाचा डेटा बाहेरच्या क्लाउडवर हलवला. पुढे सर्व्हरच्या इमारतींवर क्षेपणास्त्रं पडली तरी नोंदी वाचल्या. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत डिफेन्सचे पार्ट बनवणाऱ्या युनिटमध्ये आहे, आमच्याकडे त्या पार्टची ड्रॉइंग नेट नसलेल्या पीसीवरच उघडायची असा नियम, आणि तो योग्यच आहे, पण त्याच खोलीला आग लागली तर दुसरी कॉपी कुठेय हे विचारलं की सगळे गप्प. देवळालीचं तोफखाना केंद्र, ओझरचा लढाऊ विमानांचा कारखाना एवढं सगळं आपल्या नाशकात एकाच भागात असताना दुसरी कॉपी दूर दुसऱ्या राज्यात, आपल्याच माणसांच्या ताब्यात हवी असं मला फार मनापासून वाटतं.