सल्ला हवा: पूर्व आशियाच्या इतिहासाचं कुठलं जर्नल घ्यावं?

गिरगावकर_७
मुंबई-कँटन अफूच्या व्यापारावर वाचतोय. आता चीनच्या बाजूने वाचायचंय. इंग्रजी, छापील, वर्षाला जास्तीत जास्त तीन हजार. चिनी येत नाही. जाणकारांनी सुचवावं.

पंत_लायडेनवाले
डोळे झाकून 'तुंग पाओ', लायडेनचं चीनविषयक जर्नल. १८९० पासून निघतंय. माझ्याकडे दोन कपाटं भरून आहेत.

खवचट_काका
पंत, तीन हजार म्हणालेत ते. शिवाय त्यातले बरेच लेख फ्रेंचमध्ये.

पंत_लायडेनवाले
मग शिकावं फ्रेंच.

निशिगंधा
मी 'मोन्युमेंटा निप्पोनिका' घेते. टोकियोच्या सोफिया विद्यापीठाचं, १९३८ पासूनचं. जुन्या जपानी ग्रंथांची भाषांतरं सुरेख असतात. फक्त ऐन जुलैत आलेला अंक भिजून पापड झाला होता, आणि तक्रारीला अजून उत्तर नाही!

खवचट_काका
त्यांना अफू हवी आहे, जपान नव्हे.

सोलापूरची_मी
चीन म्हटलं की आमचे डॉ. कोटणीस! १९३८ ला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांच्याबद्दल कुणी बोलतच नाही.

गिरगावकर_७
ताई, आदर आहेच. पण माझा विषय त्याआधी शंभर वर्षांचा. चिनी अधिकारी लिन झश्यूने १८३९ मध्ये अफूच्या वीस हजारांहून जास्त पेट्या नष्ट केल्या, त्यात मुंबईच्या व्यापाऱ्यांचाही माल होता. तो भाग.

मुळा_मुठा
'ईस्ट एशियन हिस्टरी' बघा. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीचं. १९७० ला 'पेपर्स ऑन फार ईस्टर्न हिस्टरी' म्हणून सुरू झालं, १९९१ पासून हे नाव. जुने अंकही त्यांच्या साइटवर फुकट आहेत. नव्वदीतल्या अंकांच्या मुखपृष्ठावर तांग काळातला सुलेखनकार यान चेनछिंग याची अक्षरं आहेत, ठसठशीत, दाबून लिहिलेली. त्यासाठी तरी उघडाच.

अभ्यासू_बोका
+१. जेस्टोरवर (जर्नलांचा ऑनलाइन संग्रह) फुकट खातं काढलं की महिन्याला शंभर लेख ऑनलाइन वाचता येतात. डाउनलोड नाही, आणि बहुतेक जर्नलांची अगदी ताजी वर्षं नसतात. १९३६ पासूनचं 'हार्वर्ड जर्नल ऑफ एशियाटिक स्टडीज' तिथे आहे.

पंत_लायडेनवाले
फुकटच्या वाचनाला बैठक नसते.

खवचट_काका
दोन कपाटांतलं किती वाचलंत, पंत?

मुळा_मुठा
अफू-चहा-चांदीचा सगळा काळ चीनच्या छिंग राजवटीतला, म्हणून 'लेट इम्पीरियल चायना' नेमकं. छिंग आणि तिच्या आधीची मिंग राजवट एवढंच क्षेत्र, वर्षाला दोन अंक. पण छापील वर्गणी परदेशी टपालासकट तीन हजारांत बसेलसं वाटत नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात आधी विचारा.

सोलापूरची_मी
कॅनबेराचं फुकट आहे म्हणे, कुणी सांगितलं का?

खवचट_काका
ताई, पाच प्रतिसाद वर.

गिरगावकर_७
सगळ्यांचे आभार. कॅनबेराचे अंक चाळले, उत्तम आहेत, पण पडद्यावर मला वाचवत नाही. शेवटी 'लेट इम्पीरियल चायना'चे सुटे जुने अंक एका परदेशी विक्रेत्याकडून मागवले. टपालच अंकांहून महाग पडलं, बजेट गेलं.

मुळा_मुठा
अहो, तेच लेख प्रिंट काढले असते तर पाचशेत झालं असतं!

गिरगावकर_७
सुट्या कागदांवर पेन्सिलीने खुणा करायला मजा येत नाही हो.

निशिगंधा
पावसाळ्यात मागवलेत? प्लॅस्टिकमध्ये पॅक करायला सांगा.

चिंटू_२२
'तुंग पाओ' सुचवलं का कुणी?