दाण्यांपेक्षा पाणी ठेवा

लांबचं जवळ दाखवणारी ६०० मिमीची मोठी लेन्स नसेल तर परसातल्या छोट्या पक्ष्यांच्या फोटोंच्या नादी लागू नये, पक्षी जवळ हवेत तर दाणे टाकावेत, असा सल्ला वाचला. त्यातलं लेन्सचं मला अजिबात पटलं नाही. पक्षीच जवळ आला तर ३०० मिमीही पुरते. आणि दाण्यांच्या त्या उपायाने येतात चिमण्या आणि कबुतरं. शिंपी, चष्मेवाला, सूर्यपक्षी हे पक्षी कीटक आणि मधुरस खाणारे. त्यांना ज्वारी-बाजरीचं काय? त्यापेक्षा उथळ मातीची परळ ठेवा, पाणी दोन बोटांपेक्षा खोल नको, आणि शेजारी एक वाळकी फांदी रोवा. पक्षी थेट पाण्यावर सहसा उतरत नाही, आधी फांदीवर बसून अंदाज घेतो. फोकस तिथेच लावून ठेवायचा. मागची झाडी फांदीपासून जितकी लांब, तितकी पार्श्वभूमी मऊ येते.

सूर्यपक्ष्याचा नर फोटोत नुसता काळा दिसतो, या तक्रारीचं कारण कॅमेरा नाही. विणीच्या काळातली ती निळी-जांभळी झळाळी रंगद्रव्याची नसतेच, पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परतल्याने ती दिसते. म्हणून सकाळचं कोवळं ऊन तुमच्या पाठीमागून यायला हवं. जास्वंदीवर तो बऱ्याचदा फुलाच्या देठाकडून चोच खुपसतो, तेव्हा नजर पाकळ्यांवर नाही, देठाशी ठेवा. शिंप्याचं शिवलेलं पान, म्हणजे त्याचं घरटं, दिसलं तर मात्र कॅमेरा घेऊन जवळ जाऊ नका, आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं तर कृपया नकोच. विणीच्या दिवसांत नर त्या आवाजामागे धावत बसतो आणि पिल्लांना भरवायचं राहून जातं.