परवडणारी एकआसनी शर्यत मालिका : देशी इंजिन की एफआयएची फॉर्म्युला फोर?

कार्टप्रेमी, कोल्हापूर

कार्टिंगमध्ये, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींत, सातत्याने पुढे असणारी मुले पंधराव्या-सोळाव्या वर्षी ट्रॅकवरून दिसेनाशी होतात. त्यांचा वेग कमी झालेला नसतो. घरच्यांची ऐपत संपलेली असते. आमच्या कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश एफ-थ्री (फॉर्म्युला थ्री) या वरच्या पायरीच्या एकआसनी मालिकेपर्यंत पोहोचला, याचा आम्हांला अभिमान आहे. पण गेल्या उन्हाळ्यात मी एका वडिलांना मुलाच्या कार्टच्या झिजलेल्या टायरवरील बारीक भोकांत नख घालून उरलेले रबर चाचपताना पाहिले. नवा संच पुढच्या पगारावर अवलंबून होता.

अशा मुलांसाठी एकआसनी गाड्यांची राष्ट्रीय मालिका सुरू व्हावी, असा माझा प्रस्ताव आहे. गाड्या एकसारख्या आणि आयोजकांच्या मालकीच्या असाव्यात, इंजिन देशात बनणाऱ्या प्रवासी मोटारीचे व सीलबंद असावे, कोणाला कोणती गाडी मिळणार हे मालिकेच्या प्रत्येक फेरीआधी चिठ्ठ्या टाकून ठरावे आणि संपूर्ण मोसमासाठी टायरचे मोजकेच संच मिळावेत. देशी इंजिनाची वाट आपल्याकडे पूर्वीच पाडलेली आहे. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८००चे इंजिन वापरून फॉर्म्युला मारुती ही गाडी घडवली, आणि २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन आपल्या पहिल्या शर्यतीत, श्रीपेरुंबुदूरला, त्याच गाडीत बसला होता.

पायरीपायरीने

कार्टप्रेमी, तुमची कळकळ पटते, उपाय पटत नाही. स्विफ्टच्या इंजिनावर धावणारी एलजीबी फॉर्म्युला फोर ही देशी मालिका आपल्याकडे कितीतरी वर्षे आहे (नाव सारखे असले, तरी ही एफआयए या जागतिक मोटारक्रीडा संघटनेची फॉर्म्युला फोर, म्हणजे एफ-फोर, नव्हे). तीत चमकलेल्या मुलाची खरी अडचण पुढे सुरू होते. फॉर्म्युला वनमध्ये उतरण्याच्या परवान्यासाठी, म्हणजे सुपर लायसन्ससाठी, तीन मोसमांत ४० गुण लागतात. एफआयएमान्य एफ-फोर मालिकेच्या विजेत्याला त्यांपैकी १२ मिळू शकतात, देशी वर्गाच्या विजेत्याला एकही नाही. तशी मालिका २०२३ पासून भारतातच भरते आहे. मग तिच्या शेजारी, वर कोठेही न जाणारी आणखी एक शिडी कशासाठी उभी करायची?

दुसरा मुद्दा माझ्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. एफ-फोरच्या गाडीला कार्बन फायबरचा सांगाडा असतो आणि चालकाच्या डोक्याभोवती हेलो, म्हणजे संरक्षक कडे, असतो. पोलादी नळ्यांच्या सांगाड्याची देशी गाडी स्वस्त पडते ती नेमकी याच ठिकाणी. पंधरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ही काटकसर मला मान्य नाही. पैसा उभा राहणारच असेल, तर त्यातून तीन-चार गुणी मुलांचे एफ-फोरचे शुल्क भरावे.

पिटमधला

ब्रिटनमध्ये १९६७ साली सुरू झालेली फॉर्म्युला फोर्डही रस्त्यावरच्या मोटारीच्या इंजिनावरच उभी राहिली, आणि पुढे फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झालेला आयर्टन सेना १९८१ साली ब्राझीलहून युरोपात आला तो तिच्यातच. त्यामुळे साध्या गाडीत मूल घडत नाही, हे मी मान्य करणार नाही. मात्र मूळ प्रस्तावात एक मोठी उणीव आहे. शर्यतीपेक्षा सराव महाग पडतो. मी जिथे काम करत होतो, तिथे एका मुलाने फेरीआधी चार दिवस ट्रॅक भाड्याने घेतला होता, तर दुसरा शुक्रवारी सकाळी रेल्वेतून उतरून थेट हेल्मेट चढवून बसला. गाड्या हुबेहूब सारख्या होत्या, तरी निकाल सोमवारीच ठरलेला होता. खाजगी सरावावर बंदी घातली नाही, तर चिठ्ठ्यांचा काही उपयोग नाही.

कार्टप्रेमी, कोल्हापूर

सरावबंदीची सूचना पूर्णपणे मान्य आहे. ती माझ्या मांडणीत पहिल्यापासून असायला हवी होती. हेलोबद्दलही मी वाद घालणार नाही. नळ्यांच्या गाडीवर तो नीट बसवता येत नसेल, तर सांगाडा बदलावा, इंजिन देशी राहू द्यावे. पण ती तीन-चार मुले निवडायची कशावरून? आज कार्टिंगच्या निकालांवरून निवडली, तर ज्याच्याकडे नवे टायर होते तोच निवडला जाईल. समान गाडी, समान टायर आणि समान सराव मिळाल्याशिवाय गुणी कोण हे कळणार नाही, आणि ते कळावे म्हणूनच ही मालिका हवी.

पायरीपायरीने

निवडीचा मुद्दा रास्त आहे आणि माझ्याकडे त्याला चांगले उत्तर नाही. तरीही माझी अट सांगतो. विजेत्याचा एफ-फोरचा पुढचा संपूर्ण मोसम आयोजकांच्या खर्चाने होईल, हे नियमपुस्तिकेत पहिल्या फेरीपूर्वी छापलेले असावे आणि ती रक्कम आधीच बँकेत ठेवलेली असावी. सांगाडा बदलल्यावर गाडी किती महाग होईल, हा हिशेब मात्र तुम्ही अजून मांडलेला नाही.