भंगार की भांगर? : काही जुनी हत्यारं, काही शब्द

गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात घडलेली गोष्ट. बाजाराच्या एका कडेला गोणपाट अंथरून एक आजी जुनं लोखंड विकायला बसतात. गंजक्या बिजागऱ्या, कड्या-कोयंडे, किल्ली हरवलेली कुलपं, कोयत्यांची पाती, आणि नशीब असलं तर त्यातच सुताराचं एखादं हत्यार. मी डिचोलीहून महिन्यातून एक-दोनदा तेवढ्यासाठीच जातो. त्या दिवशी शेजारच्या गिऱ्हाइकाने ढिगाकडे बोट दाखवून विचारलं, "हे भंगार कसं किलो?" आजी ताडकन म्हणाल्या, "भंगार न्हय रे पुता, भांगर तें!"

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. कोकणीत भांगर म्हणजे सोनं. 'ग'चा काना उचलून 'भ'ला दिला की मोडीचं सोनं होतं! शब्द मात्र मुळात वेगळे आहेत. भंगारात 'भंग' आहे, मोडणं आहे. भांगरामागे संस्कृत 'भृंगार' आहे, म्हणजे सोन्याची झारी आणि सोनंही. जुन्या मराठीतही सोन्याला भांगार म्हणत. पुढे आपल्याकडे 'सुवर्ण'मधून आलेलं सोनं तेवढं उरलं आणि भांगर गोव्यातल्या घराघरांत टिकलं. आपल्या भाषेतून गेलेला शब्द म्हापशाच्या बाजारात असा अचानक समोर यावा, याचा मला फार आनंद झाला.

त्या ढिगातून मी एक लाकडी रंधा घेतला, दीडशे रुपयांना. लांबीला वीतभर, रुंदीला जेमतेम दीड बोट. अंग शिसवीचं. तळ सपाट नाही, होडीच्या तळासारखा बाहेरच्या बाजूला गोल. पात्याला स्क्रू वगैरे काही नाही, लाकडी पाचर मारून ते धरलेलं आहे. डाव्या कुशीला लाकूड झिजून अंगठ्याएवढा खळगा पडलाय. माझा अंगठा तिथे बरोबर बसतो.

पातं रात्रभर माडाच्या सुरेच्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं. सकाळी तारेच्या ब्रशने घासलं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढलं (नाहीतर आंबटपणा राहतो आणि दुपारपर्यंत पुन्हा तांबेरा चढतो), कोरडं करून खोबरेल लावलं. गंजाखालून दोन गोष्टी वर आल्या. एक म्हणजे 'शेफिल्ड' आणि 'कास्ट स्टील' असा ठसा. दुसरी म्हणजे धारेच्या उतारावर एक बारीक रेघ. रेघेच्या वर राखाडी, मऊ लोखंड आणि खाली धारेपाशी पांढरट, चकचकीत असा पातळ थर. गावातल्या लोहारबाबांना दाखवलं. त्यांनी नखाने रेघ चाचपली आणि म्हणाले, "तिखें बसयलां."

तिखें! पोलादाला हा शब्द आपल्या जुन्या मराठी कोशांतही आहे, पण मी तो माणसाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. संस्कृतात पोलादाला 'तीक्ष्णायस' म्हणतात, त्याच तीक्ष्णातून हे तिखें. मिरची तिखट तीही तिथूनच. पोलाद हा फारसी शब्द आल्यावर तिखें मागे पडलं. पूर्वी पोलाद महाग, म्हणून सगळं पातं मऊ लोखंडाचं करून धारेपुरतं तिखें तापवून, ठोकून जोडायचे. मऊ लोखंड धक्का सोसतं आणि तिखें धार धरतं.

आता 'कास्ट स्टील'. त्याला 'ओतीव लोखंड' म्हणून मोकळं होऊ नये, कारण ओतीव लोखंड म्हणजे बीड, बिडाच्या तव्यातलं. बिडाला अशी धार टिकत नाही. १७४०च्या दशकात बेंजामिन हंट्समन यांनी शेफिल्डमध्ये पोलाद मुशीत वितळवून एकजीव करण्याची रीत बसवली. त्याच्या विटा ओतायच्या आणि मग त्या ठोकून हत्यारं घडवायची. म्हणून मी त्याला 'मुशीचं पोलाद' म्हणतो. कुणाकडे याहून चांगला शब्द असेल तर जरूर सांगा.

मुख्य प्रश्न असे. या गोल तळाच्या रंध्याला नाव काय? अशा वस्तूंना हत्यारं म्हणावं की अवजारं? आणि मी ज्या बाजारात जातो, त्या बाजाराला मराठीत काय म्हणावं? इंग्रजीतल्या 'फ्ली मार्केट'चा कुणी तरी 'पिसवांचा बाजार' केलेला वाचला आणि वाईट वाटलं.

फोंड्याहून

हत्यार आणि अवजार यांत आमच्या घरी तरी कधी गोंधळ नव्हता. वडील सुतारकाम करत. त्यांच्या पेटीतलं सगळं 'हत्यार', शेतातलं नांगर-कुळव-खोरं हे 'अवजार'. खंडेनवमीला पेटीतली हत्यारं पाटावर मांडायची, हळदकुंकू-फूल वाहायचं, आणि त्या दिवशी कुणी करवतीला हात लावायचा नाही. त्या दिवशी आम्ही 'हत्यारांची पूजा' म्हणायचो. 'अवजारांची पूजा' असं आईच्या तोंडून कधी ऐकलं नाही. कोकणीत हातेर. शब्दातच हात आहे. अवजार फारसीतून आलेला, चांगला शब्द आहे, पण सरकारी पत्रकात 'सुतारकामाची अवजारे' वाचलं की मला ती वस्तू वडिलांची वाटत नाही.

हत्यार म्हटलं की हल्ली लोकांना तलवार-पिस्तूल आठवतं, हे खरं आहे. म्हणून शब्द सोडून देऊ नये एवढंच म्हणणं आहे.

सावंतवाडीहून

दादा, तुमचा रंधा म्हणजे गलता रंधा. तळ बाहेरून गोल, म्हणजे तो लाकडात गोल पन्हळ पाडतो. दरवाजाच्या चौकटीवर, कपाटाच्या कडेला जी गोल नक्षीची पट्टी दिसते ती काढायला असे रंधे लागत, आणि ते जोडीने असत. एकाचा तळ बाहेर गोल, दुसऱ्याचा आत गोल. तुमच्याकडे जोडीतला एकच आला आहे. त्याच आजींकडे पुढच्या शुक्रवारी दुसरा शोधा, एका घरची हत्यारं बहुतेक वेळा एकत्रच विकली जातात. गलता शब्द अजून जिवंत आहे. ओट्याच्या कडेला 'गोल गलता मारून द्या' असं ग्रॅनाइटवाल्याला आजही सांगतात.

मी स्वतः सुतार. आमच्या पेटीकडे एकदा शब्दांच्या नजरेने बघा. करवत संस्कृत 'करपत्रा'तून आली. रंधा फारसी 'रंदा'. काटकोन बघायचा गुण्या फारसी 'गोनिया'तून आणि फारसीत तो ग्रीकांकडून, ग्रीकमध्ये गोनिया म्हणजे कोन. आणि पेटी ज्याची तो मेस्त किंवा मेस्त्री, म्हणजे पोर्तुगीज 'मेस्त्र', उस्ताद. चावी, घमेलं, बालदी हेही पोर्तुगीजच. आजोबांना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण गुण्या लावल्याशिवाय त्यांनी कधी खुंटी ठोकली नाही.

जाता जाता सामता बघून ठेवा. दोरीची कमान मागे-पुढे ओढून भोक पाडायचं ते हत्यार. गिरमिट आलं आणि सामता गेला. गिरमिट इंग्रजी 'गिमलेट'वरून. त्याने मराठीत घर इतकं पक्कं केलं की माणूस मागे लागला की आपण म्हणतो, 'काय गिरमिट लावलंय!'

पुण्याहून

बाजारासाठी नवा शब्द कशाला? आमच्याकडे बुधवारी आणि रविवारी भरतो तो 'जुना बाजार'. शब्द साधा आहे आणि अर्थ पुरा आहे. मुंबईचा चोर बाजार एका जागेचं नाव म्हणून ठीक, पण सामान्यनाम म्हणून नको. तिथे प्रामाणिकपणे धंदा करणाऱ्यांवर तो अन्याय आहे.

खरेदीबद्दल एक सांगतो. लोखंडी रंधा घेताना तो हातावर तोलून बोटाच्या पेराने वाजवून घ्या, मडकं वाजवतात तसा. अंग बिडाचं असतं, पडलं की तडकतं. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर तोंडाजवळ, पातं बाहेर येतं तिथे, केसासारखी चीर शोधा. स्टॅनलेचा चार नंबर असेल (पातं दोन इंची) तर चीर नसल्याची खात्री करूनच पैसे द्या, त्याला आता लोक चांगली किंमत सांगतात. तो घाट लिओनार्ड बेली यांचा. स्टॅनले कंपनीने त्यांचा धंदा १८६९ मध्ये विकत घेतला आणि आजही बहुतेक लोखंडी रंधे त्याच घाटाचे निघतात.

डिचोलीहून (मूळ लेखक)

जुना बाजार मान्य. पण गोव्यात मला एकाच शब्दाने भागवता येत नाही. हणजुणेचा (अंजुनाचा) बुधवारचा बाजार सत्तरच्या दशकात हिप्पींनी आपापलं सामान विकायला सुरू केला. तेव्हा तो खरोखर जुना बाजार होता. आज तिथे कपडे, माळा, मसाले असतात, हत्यार क्वचित. पुरुमेंताचं फेस्त निराळं. पावसाळ्याआधी वर्षाची बेगमी करायची, सुकी मासळी, मिरच्या, कोकम घ्यायचं, तो बाजार. पुरुमेंत हा पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतु', म्हणजे बेगमीच. देवळातल्या वस्तूंची बोली लागते ती 'पावणी', आणि बाजारात बसणाऱ्याने पालिकेला द्यायचा तो 'सोपो'. या 'पावणी'ला घाटावर लिलाव म्हणतात, आणि गंमत अशी की तो लिलाव पोर्तुगीज 'लैलांव'वरून आला. म्हणजे पोर्तुगीज शब्द पुण्यात रुळला आणि गोव्यात पावणी राहिली!

गलता रंधा हे नाव मिळालं, त्याबद्दल सावंतवाडीच्या दादांचे मनापासून आभार.

पेडण्याहून

सगळी चर्चा सुताराच्या पेटीभोवती फिरते आहे म्हणून लिहिते. आजीची विळी हे हत्यार नाही का? आमच्या घरातल्या आडाळीचं पातं चार पिढ्यांनी वापरून अर्ध्यावर आलं आहे. पुढच्या टोकाला नारळ खवायचे दाते, मधे मासे कापायची धार. माडावर चढून सूर काढणाऱ्या रेंदेराची काती बघा, रुंद पात्याची, पोयीचं (माडाच्या फुलोऱ्याचं) टोक कागदासारखं सोलणारी. बाजारात ही आली की 'स्वयंपाकघरातलं' म्हणून बाजूला टाकतात. बायका ज्या हत्यारांनी रोज काम करतात त्यांचीही नावं लिहून ठेवायला हवीत. आडाळीच्या पाटाला, पात्याला, दात्यांना आमच्याकडे वेगवेगळे शब्द आहेत, ते मी आईला विचारून स्वतंत्र लिहीन.

आणि धारेबद्दल एक कळकळीची विनंती. पणजोबांचा वाकस (लाकूड तासायचं हत्यार) मी धार लावायला एका दुकानात दिला. त्यांनी तो विजेच्या चाकावर धरला. ठिणग्या उडाल्या आणि पाच मिनिटांत पात्याचं टोक मोरपिसासारखं निळं झालं. दिसायला सुंदर, पण त्या दिवसापासून त्याला धार धरत नाही. लोहाराकडे नेलं तर म्हणाला, "बाय, पाणी उतरलं याचं." तापवलेलं पोलाद पाण्यात विझवून कडक करतात ते 'पाणी देणं'. तीनशे अंशांच्या आसपास पोलाद निळं पडतं, आणि तेवढी उष्णता लागली की दिलेलं पाणी जातं. माणसाचं पाणी जोखणं, पाणीदार माणूस, पाणी उतरणं हे सगळं मला तोवर नुसतं बोलणं वाटत होतं. निळं झालेलं ते पातं हातात घेतल्यावर ते लोहाराच्या भात्याशेजारून आलंय हे कळलं. जुनं पातं निसण्यावर, पाणी घालत, हाताने परजा.

फोंड्याहून

ताई, वाकस गेलेला नाही. निळं झालं तेवढं टोक हाताने झिजवून मागे घ्या, आतलं पाणी शाबूत असेल. नाहीतर लोहार पुन्हा पाणी देऊ शकतो, मात्र तिखें किती उरलंय ते आधी बघून घ्या. वडील कुऱ्हाड घेताना तुंबा बघायचे (दांडा बसतो ते भोक), तुंब्याला तडा असेल तर धार कितीही चांगली असली तरी परत ठेवायचे. आणखी एक. गोव्यात सुतार-लोहार-सोनारांना आचारी म्हणत, त्यातूनच च्यारी हे आडनाव. घाटावर आचारी म्हणजे स्वयंपाकी. लग्नाचं आमंत्रण करताना हे लक्षात ठेवा!

डिचोलीहून (मूळ लेखक)

काल शुक्रवार होता. सावंतवाडीच्या दादांचं ऐकून गेलो. आजींना रंधा दाखवला आणि विचारलं, याचा जोडीदार आहे का? त्यांनी गोणपाटाखालचं एक पोतं उपसलं. पोत्यात, आतल्या बाजूला गोल तळाचा दुसरा रंधा होता, पातं नव्हतं, पाचर होती. अंगठ्याचा खळगा तसाच, त्याच जागी. हत्यारं बार्देशातल्या एका मेस्ताच्या घरची, एवढं आजींना माहीत होतं. पन्नास रुपये सांगितले, मी शंभर दिले.

माझ्याकडच्या प्रत्येक हत्याराला आता दोऱ्याने एक चिठ्ठी बांधतो. पहिल्या ओळीत कुठे मिळालं, दुसरीत कितीला, आणि तिसरीत त्याला कुठल्या गावात काय म्हणतात. या जोडीच्या चिठ्ठीवर तिसऱ्या ओळीत 'गलता रंधा, सावंतवाडी' लिहिलं आहे. पुढची जागा रिकामी ठेवली आहे. पेडण्याच्या ताईंनी आडाळीचे शब्द पाठवले की तिच्यासाठीही एक चिठ्ठी तयार आहे.